तीस हजारांचे हेडफोन घेणे योग्य ठरेल का? खयाल ऐकणाऱ्याची विचारणा

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे साडेतीन हजार रुपयांचे, बंद पाठीचे, वायर असलेले हेडफोन आहेत आणि ते अजून व्यवस्थित चालतात. असे असताना तीस हजारांच्या आसपासचे, शक्यतो सेनहायझर एचडी ६००च्या जातकुळीतले ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे ज्यांच्या वाटीला मागून जाळी असते असे, घ्यावेत असा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे. रक्कम माझ्यासाठी लहान नाही, म्हणून निर्णयापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

माझे ऐकणे जवळजवळ सर्वच हिंदुस्थानी कंठसंगीताचे आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे मी सर्वाधिक ऐकतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आवडीमुळे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतीही माझ्या संग्रहात आहेत. सध्याच्या हेडफोनबद्दल माझी मुख्य तक्रार अशी की विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, खयालात तंबोरा गायकाच्या आवाजामागे गढूळ होऊन जातो, बायाँ (तबल्याच्या जोडीतला डावा) फुगल्यासारखा वाटतो आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा झणझणता नाद, जशी झिरपत राहावी तशी ऐकू येत नाही. फोनला टाइप-सीचे छोटे डोंगल (हेडफोनची वायर फोनला जोडणारा अडॅप्टर) लावून ऐकतो, वेगळा अँप्लिफायर नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. शिवाय ही वस्तू ऐकून पाहण्याची सोय मला सोलापुरात कोठे सापडलेली नाही, त्यामुळे घेतली तर न ऐकताच घ्यावी लागेल.

कानसेन

आपण ज्या संगीताबद्दल विचारता आहात, त्यासाठीच असे हेडफोन घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. बंद वाटीत ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूने निघालेला आवाज आतच परावर्तित होतो आणि त्याचा काही भाग कानाकडे परततो. जाळीच्या वाटीत तो बाहेर निघून जातो, आणि म्हणूनच गायक, तंबोरे, तबला आणि संवादिनी आपापल्या जागी बसून वाजत असल्याचा भास होतो. किशोरीताईंच्या संथ आलापीत स्वर सोडल्यानंतर जी क्षणभराची जागा उरते, तिच्यात दोन तंबोऱ्यांचे झंकार एकमेकांत मिसळताना स्वच्छ ऐकू येणे हा अनुभव मी साध्या हेडफोनवर कधीही घेतलेला नाही.

टिकाऊपणाचाही विचार करावा. एचडी ६०० हे मॉडेल १९९७ सालापासून बाजारात आहे, आणि त्याच्या कानाच्या गाद्या, डोक्यावरची गादी, वायर, इतकेच काय ड्रायव्हरसुद्धा सुटे मिळतात व घरच्या घरी बदलता येतात. तीस हजारांची वस्तू पंधरा वर्षे वापरली तर वर्षाला दोन हजार पडतात, आणि एवढे पैसे आपण दर दोन-तीन वर्षांनी साधे हेडफोन बदलण्यात घालवतोच. नवे असताना ते डोक्याला घट्ट बसतात, ही एक गोष्ट मात्र सहन करावी लागते.

ध्वनिकक्ष

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कानसेन यांनी वर्णन केलेला अनुभव खरा आहे, परंतु धागाकर्त्यांच्या तक्रारीचे कारण दुसरीकडे आहे असे मला वाटते.

गायकाचा षड्ज काळी एक या पट्टीत धरला, तर पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ नाद सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. तिच्यातून जो स्वयंभू, म्हणजे न वाजवता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो, तो त्या नादाच्या पाचपट म्हणजे ३४५ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि जवारीची चमक त्याच्या कितीतरी वर, काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. स्वस्त हेडफोनमध्ये ‘दमदार बास’ हवा म्हणून साधारण १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. नेमका तेथे बायाँचा घुमारा आणि गायकाच्या मंद्र सप्तकाचा मोठा भाग असतो. मोठ्या आवाजातील खालची कंप्रता तिच्या वरच्या बारीक नादांना झाकून टाकते, हा आपल्या कानाचाच धर्म आहे. त्यामुळे गंधार दबतो, जवारी मंदावते आणि आपल्याला तंबोरा गढूळ वाटतो. यातला बराचसा भाग हा स्वरसंतुलनाचा दोष आहे, आणि संतुलनाचा किमतीशी असलेला संबंध आपण समजतो त्यापेक्षा फारच सैल आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मापे तपासली, तेव्हा कंप्रता-प्रतिसाद (कोणत्या पट्ट्यातला आवाज किती मोठा निघतो ते) आणि विक्रीची किंमत यांच्यात त्याला परस्परसंबंध आढळला नाही. हा शोधनिबंध अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की एक रुपयाही खर्च करण्याआधी सध्याच्या हेडफोनला इक्वलायझर (निरनिराळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारे साधन) लावून पाहावा. ऑटोईक्यू नावाच्या मुक्त प्रकल्पात शेकडो मॉडेलांची दुरुस्तीची आकडेवारी तयार मिळते. अँड्रॉइडवर वेव्हलेट आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ या साधनांत ती भरता येते. आपले मॉडेल तेथे नसेल, तर १५० हर्ट्झच्या आसपास तीन ते पाच डेसिबल कमी करून तोच विलंबित खयाल पुन्हा ऐकावा आणि स्वयंभू गंधार शोधावा.

खाँसाहेबांच्या तबकड्यांविषयी वेगळे सांगायला हवे. १९२५च्या आधीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या आहेत आणि त्यांत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा उतरलेला असतो. विद्युत मुद्रणाच्या काळातील तबकड्यांतही पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर संगीत फारसे नसते, खरखर मात्र थेट वरपर्यंत असते. स्वच्छ हेडफोनवर ती खरखर अधिक स्वच्छ ऐकू येते. खाँसाहेबांचा स्वर ज्या पट्ट्यात आहे तो आपले सध्याचे हेडफोनही पुरेसा दाखवतात, त्यामुळे त्या संग्रहासाठी तीस हजार खर्च करू नयेत. मन्सूरांच्या आणि किशोरीताईंच्या उत्तरकाळातील चांगल्या मुद्रणांची गोष्ट निराळी आहे. तेथे फरक नक्की जाणवेल.

साखरपेठकर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका आहेत. इक्वलायझर लावला की मूळ ध्वनीची शुद्धता बिघडते असे अनेक ठिकाणी वाचले आहे. ते कितपत खरे आहे? आणि दुसरे असे की एचडी ६००चा रोध ३०० ओहम असल्यामुळे त्याला वेगळा अँप्लिफायर लागतोच असे सांगतात. तसे असेल तर खर्च आणखी वाढेल.

रोधमापक

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो, कारण ते साध्या गणिताने मिळते. बाजारातील चांगली टाइप-सी डोंगल सुमारे १ व्होल्ट देतात. १ व्होल्टला ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ३.३ मिलिवॅट शक्ती जाते, तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये ३१ मिलिवॅट जाते. एचडी ६००साठी निर्मात्यांनी दिलेला आकडा १ व्होल्टला ९७ डेसिबल असा आहे. आपण खयाल सरासरी ७५ डेसिबलवर ऐकत असाल, तर तबल्याच्या थापेसाठी आणि तारसप्तकातील जोरकस तानेसाठी वर वीस-बावीस डेसिबलची जागा शिल्लक राहते. घरात शांतता असेल तर एवढे पुरते. हळू पातळीवर मुद्रित केलेल्या जुन्या मैफली ऐकताना मात्र आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडेल, आणि त्या वेळी चार-पाच हजारांचा साधा अँप्लिफायर उपयोगी ठरेल. त्याहून महाग अँप्लिफायरने ध्वनीत जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. काही फोनांवर डोंगलचा आवाज मुळातच कमी निघतो, तेवढे आधी तपासून घ्यावे.

ध्वनिकक्ष

इक्वलायझरने शुद्धता बिघडते ही भीती अनाठायी आहे. आपण ऐकत असलेले प्रत्येक ध्वनिमुद्रण आमच्या टेबलावर इक्वलायझरमधूनच गेलेले असते. बिघाड होतो तो पट्टे वाजवीपेक्षा जास्त उचलल्यामुळे. तेव्हा शक्यतो कमी करावे, वाढवू नये. आणि तुलना करताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण अर्धा-एक डेसिबलने मोठे वाजणारे आपल्याला आपोआप ‘जास्त स्पष्ट’ वाटते. दुकानात ऐकून पाहताना फसगत होते ती बहुधा येथेच.

भद्रावती_पेठ

मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे आणि एका गोष्टीकडे अजून कोणाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. धागाकर्त्यांनी भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत असे लिहिले आहे. माझे माहेर आणि सासर दोन्ही माग चालवणाऱ्यांचे आहे, त्यामुळे हा आवाज काय असतो ते मी अधिकाराने सांगू शकते.

कारखान्याच्या आत हा आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. भिंतीपलीकडे तो कमी होतो, पण मूळ घरघर भिंतीतून, जमिनीतून येतच राहते आणि तिच्यावर धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा) खटका सतत बसत असतो. ओपन-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाहीत. माग सुरू असताना आपण ते लावून बसलात, तर धोट्याच्या दर खटक्याला जवारी तुटेल, आणि मग हात नकळत आवाज वाढवण्याकडे जाईल. मला काळजी वाटते ती याचीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढे ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्म्यावर आणावा लागतो. म्हणजे ८३ला वीस तास, ८६ला दहा तास आणि ८९ला जेमतेम पाच तास. मागाच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज सहा-नऊ डेसिबलने वाढवणे ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे.

माझ्या वडिलांनी उमेदीची सारी वर्षे मागावर काढली. त्यांना बोलणे ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक कळत नाही, आणि घड्याळाचा गजर वाजलेला समजत नाही. आवाजामुळे होणारी हानी बहुतेक वेळा प्रथम ३ ते ६ हजार हर्ट्झच्या भागात दिसते, असे त्यांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आलेखावर दाखवले होते. चार हजारांजवळ रेषा खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरली होती. जवारीची चमक याच भागात असते असे वर ध्वनिकक्ष यांनी लिहिले आहे. धागाकर्ते लहानपणापासून मागाच्या शेजारी राहत असतील, तर त्यांनी हेडफोन घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तीस हजारांपुढे तिचा खर्च किरकोळ आहे, आणि आपला कान काय ऐकू शकतो हे कळल्याशिवाय त्याच्यासाठी काय घ्यावे हे ठरवता येणार नाही.

विजापूर_रोड

भद्रावती पेठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. अशा जागेत बाहेरचा आवाज मारणारे ब्लूटूथ हेडफोन अधिक उपयोगी पडणार नाहीत का? हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना मी ते वापरतो आणि गाडीची घरघर जवळजवळ नाहीशी होते.

ध्वनिकक्ष

गाडीची किंवा पंख्याची घरघर सलग आणि खालच्या पट्टीची असते, म्हणून ते तंत्र तेथे उत्तम चालते. बाहेरचा ध्वनी मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर वाजवायची, ही त्याची रीत आहे. विमानप्रवासात हेडफोनमधून समाधानकारक ऐकू येईना म्हणून अमर बोस यांनी १९७८ साली या कल्पनेवर काम सुरू केले. धोट्याचा खटका मात्र अचानक येतो आणि त्यात वरच्या पट्टीचा भाग मोठा असतो. तो अडवण्याचे काम उलट लहरीपेक्षा जाड गादी आणि बंद वाटीच अधिक करते. म्हणजे घरघर जाईल, खटका बारीक होईल, पण राहील.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. या हेडफोनांतील लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर थकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३पर्यंत जातो हे मी सोलापूरकरांना सांगायला नको. वायरचे हेडफोन पंधरा वर्षे चालतील असे म्हणता येते, बॅटरीच्या हेडफोनबद्दल तसे म्हणता येत नाही.

जुळे_सोलापूर

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. कृत्रिम चामड्याच्या गाद्या आपल्या हवेत टिकत नाहीत. मी एका नामांकित कंपनीचे बऱ्यापैकी महाग हेडफोन घेतले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात गादीवरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला, काळे कण गालाला आणि उशीला चिकटू लागले, आणि त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळत नाहीत असे सेवा केंद्राने सांगितले. तेव्हापासून मी मखमली गादीचेच हेडफोन घेते. मखमल घाम शोषते, काढून धुता येते आणि कान तापत नाहीत. फक्त तिच्यामुळे बाहेरचा आवाज थोडा अधिक आत येतो, एवढी तडजोड करावी लागते. किंमत पाहण्याआधी त्या मॉडेलची गादी भारतात सुटी मिळते का, हे अवश्य पाहावे.

कानसेन

यंत्रमागाच्या मुद्द्याचे वजन मी मान्य करतो. तरीही एक विचारतो. रात्री माग बंद असतात का? असतील, तर रात्री दहानंतरचे दोन तास हेच धागाकर्त्यांचे खरे ऐकणे असेल, आणि त्या वेळेसाठी ओपन-बॅकला पर्याय नाही असे मी अजूनही म्हणेन. दिवसभर वाजवण्यासाठी हे साधन नसतेच. मन लावून, दुसरे काहीही न करता ऐकणाऱ्याचे ते साधन आहे, आणि धागाकर्त्यांचे पहिले लेखन वाचून ते अशा श्रोत्यांपैकी आहेत अशी माझी खात्री पटली आहे. असा श्रोता दर्जावर खर्च करतो तेव्हा त्याला चैन म्हणणे मला पटत नाही.

साखरपेठकर

सर्वांचे सल्ले प्रत्यक्षात करून पाहिले, त्याचा वृत्तांत देतो.

आमच्या शेजारचे माग दोन पाळ्यांत चालतात, त्यामुळे रात्रीची शांतता रोज मिळेलच असे नाही. साप्ताहिक सुट्टी आणि लाइट गेल्याच्या वेळा सोडल्या, तर घरात पूर्ण निवांतपणा क्वचितच असतो. फोनवर आवाज मोजण्याचे ॲप घालून पाहिले. ते अचूक नसते हे मला ठाऊक आहे, पण माग सुरू आणि माग बंद यांतला फरक त्यातही ठसठशीत दिसला.

इक्वलायझरने मात्र मला चकित केले. १५० हर्ट्झजवळ चार डेसिबल कमी केल्यावर मन्सूरांच्या एका विलंबितात तंबोऱ्याचा गंधार गायकाच्या षड्जाखालून वर येताना स्पष्ट ऐकू आला. बायाँचा घुमारा आटोक्यात आला आणि त्याच्या मिंडेचा (घसरत जाणाऱ्या स्वराचा) शेवट कोठे होतो तेही कळू लागले. जवारीच्या अगदी वरच्या भागात अजून एक प्रकारचा कोरडेपणा आहे, तो काही गेला नाही. म्हणजे चांगल्या हेडफोनला वाव आहे, पण मी समजत होतो तेवढा नाही.

श्रवणचाचणीही करून घेतली. डाव्या कानात चार हजारांच्या आसपास किंचित उतार आहे. काळजीचे कारण नाही, परंतु आवाज जपून ठेवा असे डॉक्टरांनी सांगितले. भद्रावती पेठ, आपण आग्रह केला नसता तर मी गेलो नसतो. आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही.

तूर्त ओपन-बॅक घ्यायचे नाहीत असे ठरवले आहे. त्याऐवजी बंद पाठीचे, मखमली गादीचे, सुटे भाग मिळणारे बेयरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो किंवा तत्सम काही घ्यावे असे वाटते. खर्च निम्म्याहून कमी होईल. ऐंशी ओहमचा प्रकार माझ्या डोंगलवर चालेल ना?

रोधमापक

चालेल. १ व्होल्टला ८० ओहममध्ये साडेबारा मिलिवॅट जातात, ते भरपूर आहेत. २५० ओहमचा प्रकार घेऊ नये. फोनला लावणाऱ्याला त्याचा विशेष लाभ नाही.

कानसेन

निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, आनंद वाटला. पुण्याला जाणे झाले तर ऐकून पाहण्याची सोय असलेल्या दुकानात एचडी ६०० एकदा अवश्य लावून पाहा, घ्यायचे नसले तरी. सोबत स्वतःचे ध्वनिमुद्रण न्या. दुकानातील गाण्यांवरून आपल्या कामाचे काही कळणार नाही.

ध्वनिकक्ष

डीटी ७७०ची निवड चांगली आहे, अनेक ध्वनिकक्षांत मी ते पाहिले आहेत. त्यांचा वरचा पट्टा, आठ-नऊ हजार हर्ट्झच्या सुमाराचा, थोडा टोकदार असतो आणि तारसप्तकातील स्वर व झांजेसारखे आवाज त्यामुळे बोचू शकतात. तेथे तीन-चार डेसिबल कमी करावेत. खालच्या पट्टीला काही उचलायचे झालेच, तर आधी इक्वलायझरमधील प्रीअँप (एकूण आवाजाची पातळी) तेवढ्याच डेसिबलने खाली आणावा, नाहीतर मोठ्या तानेला आवाज फाटेल. वायर तीन मीटर लांब आणि वाटीला कायमची जोडलेली असते, तेव्हा गुंडाळताना वाटीजवळ घट्ट पीळ देऊ नका.